एकपासून सुरू होणारी पट्टी

देवपूर, धुळे
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय खाजा,

परवा दुपारी पडल्या पडल्या मला चिंधा ड्रायव्हरच्या एसटीचा आवाज ऐकू आला. चिंधा जाऊन तीस वर्षं झाली, तेव्हा आवाज आठवणीतलाच. नरडाण्याहून येणारी सकाळची गाडी सोनगीरला थांबायची, चिंधा मागे वळून "बठ्ठा बसनात का रे?" म्हणजे सगळे बसलात का, असं विचारायचा, आणि गाडी चढाला लागली की आपण मागच्या बाकावर कविता म्हणायला घ्यायचो. लगागा लगागा लगागा लगागा. इंजिनही त्याच चालीवर दमायचं. ओळ संपत आली की चिंधा तो कमरेएवढा गिअरचा दांडा दोन्ही हातांनी ओढायचा, खर्रर्र असा आवाज व्हायचा आणि ओळीचा चुराडा. मी हळहळायचो. तू म्हणायचास, कवितेत दोष नाही, दांड्याच्या बुशात खेळ आहे. तेव्हा तू नववीत होतास.

आठवण्याचं कारण असं की हल्ली तोच आवाज माझ्या शेडमधून येतो.

माझी ज्योती आता एक्केचाळीस वर्षांची आहे. पुण्यात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तीन वर्षांपूर्वी तिने एक जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली. दोनच माणसं बसतात. इंदूरच्या पुढे एक ट्रॅक आहे, तिथे ती ही गाडी पळवते. एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. पुण्याच्या सोसायटीत तिला एकच गाडी लावता येते, ती ऑफिसची. म्हणून लाल गाडी माझ्याकडे असते. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ज्योती येते, गाडी काढते, सोनगीरपर्यंत फिरवून आणते, माझ्याबरोबर जेवते आणि रविवारी जाते. तिची आई, पुष्पा, गेल्यापासून हे असं ठरून गेलं आहे.

गेल्या महिन्यात ट्रॅकवर तिसऱ्यातून चौथा टाकायला गेली आणि दांडा दुसऱ्यात पडला. इंजिन किंचाळलं म्हणे. ज्योती घाबरली. ती घाबरल्याचं मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकतो आहे. पहिल्यांदा दवाखान्यात, पुष्पाच्या वेळी. म्हणते, १९ जानेवारीच्या फेरीआधी दांडा नीट झाला तर ठीक, नाहीतर गाडी विकून टाकते. तुमची शेड मोकळी होईल, लाकडं ठेवता येतील.

मला लाकडं ठेवायची नाहीत. घरात गॅस आहे.

तयार सामान परदेशातून मागवता येतं असं ती सांगत होती. मी म्हटलं, कशाला, जळगावला खाजा आहे. फोन करत नाही, कारण फोनवर तू हां हां म्हणतोस आणि तुला काही ऐकू आलेलं नसतं. मेसेज केला तर तो तुझ्या मुलाच्या, झैदच्या, मोबाइलवर जातो. म्हणून हे पत्र.

तुझा
हिलाल


जळगाव
११ ऑक्टोबर २०२४

हिलाल मास्तर, सलाम.

चिंधाच्या दांड्याचा बुश, म्हणजे दांड्याला धरून ठेवणारी कडी, रबरी होता आणि रबर संपलेलं होतं. ज्योतीच्या गाडीतही तेच झालं असणार. पन्नास वर्षांत रबर सुधारलेलं नाही.

तुला समजेल असं सांगतो. गिअरचा दांडा एका गोळीवर डुलतो. गोळीच्या वरचा भाग हातात, खालचा गिअरपेटीत. वरचा भाग लांब असला की हाताला लांब फिरावं लागतं आणि घाईत तो चुकीच्या घरात जातो. वरचा आखूड केला की हात थोडाच फिरतो, पण जोर जास्त लागतो. म्हणून कापायचं ते बेतानं. दीड इंच कमी करू. दोन केले तर पोरीचा खांदा जाईल. रबराच्या जागी पितळी बुश बसवला की डुलणं बंद. एवढंच काम आहे. लोक त्याला मोठं नाव देतात.

आधी गोळीच्या वरची लांबी मोजून पाठव.

इथली खबर अशी की झैदला लेथ विकायची आहे. दुकानाच्या जागेत त्याला ठिबकचे पाइप आणि तोट्या लावायच्या आहेत. पोरगा चुकीचं बोलत नाही. वर्षभरात डाळमिलचे दोन शाफ्ट आले, बाकी मशीनवर मांजर झोपतं. मी त्याला सांगितलं, धुळ्याचं काम आलंय, ते होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. मेहरुनने विचारलं, किती दिवसांचं काम आहे? मी म्हटलं, स्पोर्ट्स कार आहे.

खाजा


धुळे
१५ ऑक्टोबर २०२४

प्रिय खाजा,

लांबी नऊ इंच.

शाळेतल्या लाकडी पट्टीने मोजली. निवृत्तीच्या दिवशी मला नारळ, शाल आणि ती पट्टी मिळाली. पट्टी मी मागून घेतली. तिचा पहिला इंच तुटलेला आहे. भूपेंद्र नावाचा एक मुलगा वृत्ताचे गण पाठ करेना, म्हणून मी ती टेबलावर आपटली होती. तेव्हापासून ती एकपासून सुरू होते. तरी मी पुढे तीस वर्षं तीच वापरली. चांगलं लाकूड आहे.

तुझ्या पत्रातलं "बेतानं कापायचं" हे फार आवडलं. ओळ लिहिणाऱ्यालाही हेच सांगावं लागतं.

हिलाल


धुळे
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय खाजा,

एसटीच्या पार्सलने दांडा मिळाला. दिवाळीत ज्योतीने स्वतः बसवला. शेडच्या फरशीवर आडवी पडून, पुष्पाची जुनी साडी अंथरून. मी बॅटरी धरून उभा होतो. तिने मला दोनदा सांगितलं की उजेड माझ्या तोंडावर नको, गाडीवर पाडा.

दांडा देखणा झाला आहे, पण फरक फारसा पडला नाही. जुन्याहून अर्धाच इंच आखूड भरतो. ती म्हणाली, काकांना पुन्हा करायला सांगा, मी पंधरा दिवसांनी परत येते. मग जेवून गेली. कळण्याची भाकरी आणि ठेचा केला होता. दोन भाकरी खाल्ल्या.

आता बाकीची मापं पाठवतो, म्हणजे सगळं एकदम होईल. बुशाचं भोक पाऊण इंच आणि वर एक सूत. दांडा वरच्या टोकाला डावीकडे वाकलेला आहे, साधारण एक बोट.

हिलाल


जळगाव
९ नोव्हेंबर २०२४

मास्तर,

दुसरा करतो. वीस तारखेपर्यंत पाठवतो. झैदने काल टेम्पोवाल्याला विचारून ठेवलं होतं, त्याला थांबायला सांगितलं.

खाजा


धुळे
२ डिसेंबर २०२४

प्रिय खाजा,

दुसरा दांडाही मिळाला. ज्योती तेवीस तारखेला आली होती आणि परवा पुन्हा आली. एका महिन्यात तीनदा, हे तिचं लग्न ठरत होतं तेव्हाही झालं नव्हतं. ते लग्न शेवटी ठरलं नाही, ती गोष्ट वेगळी.

तेवीसला मी वांग्याचं भरीत केलं. वांगी नेहमीच्या बाईकडची, बामणोदची. परवा शेवभाजी आणि परत कळण्याची भाकरी. जेवण झाल्यावर ती ओट्यावर बसली आणि मला म्हणाली, नाना, तुम्ही वर्गात म्हणायचा ती नदीची कविता म्हणा. मी म्हटली. तिसऱ्या कडव्याला ती झोपून गेली होती. मी उरलेली दोन कडवी हळू म्हटली.

बुश थोडा सैल आहे. दांडाही जरा पलीकडच्या सीटकडे झुकतो.

घाई नाही.

हिलाल


जळगाव
६ डिसेंबर २०२४

हिलाल,

आज मास्तर म्हणत नाही.

तुझ्या पत्रात भरीत आहे, वांगी कुणाकडची तेही आहे, शेवभाजी आहे, भाकरी आहे, नदी आहे. बुशाबद्दल एक ओळ. आणि शेवटी "घाई नाही." फेरी १९ जानेवारीला आहे हे तूच पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. पत्र माझ्यासमोर आहे.

आता चुका मोज. लांबी एक इंचाने चुकली. बुश एका सुताने, इंचाच्या आठव्या भागाने, चुकला. दांडा गाडी चालवणाऱ्याकडे वाकायला पाहिजे. चालवणारा उजवीकडे बसतो, तू डावीकडे लिहिलंस. आपल्या देशात गाडीचं चाक कुठल्या बाजूला असतं हे तुला माहीत नाही, असं मी समजायचं का? एका माणसाच्या हातून एक चूक होते, दोन होतात. तिन्ही चुका पोरीला परत यायला लावतील अशाच झाल्या, हा योगायोग मला पटत नाही. मी बहिरा आहे, वाचता येतं मला.

तिकडे गाडी दीडशेच्या वर धावते. त्या वेगात सैल बुश म्हणजे काय, तुला कळतं का? तू मुलांना चुकीचं माप शिकवलं असतंस तर मुलगा नापास झाला असता, पुढच्या वर्षी परत बसला असता. इथे परत बसता येत नाही.

मोजमाप आता बंद. तिला सांग, मूळचा दांडा आणि जुना बुश काढून माझ्याकडे पाठवायचा. मी माझ्या हाताने मोजीन.

खाजा


धुळे
१० डिसेंबर २०२४

प्रिय खाजा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती.

पहिल्या वेळी मी खरोखर विसरलो. तीस वर्षं मुलांना "आलेल्या मापातून एक वजा करा" असं सांगणारा मी, स्वतः वजा करायला विसरलो. ज्योतीने दांडा बसवला, अर्धाच इंच फरक दिसला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, पंधरा दिवसांनी परत येते. मग मी तोंड मिटलं. दुसऱ्या वेळी, बुशाचं माप आणि बाजू लिहिताना, मी आठवून विसरलो.

तू विचारशील की पोरीला नुसतं "ये" म्हणायला काय झालं. खाजा, मी तिला कारणाशिवाय कधी जवळ बोलावलेलंच नाही. लहानपणी हाक मारली ती पाढ्यांसाठी, शुद्धलेखनासाठी, नाहीतर चष्मा सापडत नाही म्हणून. नुसती हाक मारायचं काम पुष्पाकडे होतं. आता या वयात ते कसं सुरू करतात, मला माहीत नाही. गाडी आपली आपण तिला बोलवत होती, तेव्हा मी गाडीला मदत केली.

सैल बुशाचा विचार मी केला नव्हता. तुझं पत्र आल्यापासून दुसरा विचार केलेला नाही.

शनिवारी ती येईल तेव्हा दांडा काढून पार्सल करतो. तिला मी बाकी काही सांगणार नाही. धीर नाही.

हिलाल

ता. क. १६ डिसेंबर. दांडा, गोळी, बुश, सगळं सोबत आहे. तुझं पत्र मिळालं का असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. गाडीत आता दांड्याच्या जागी भोक आहे. उंदीर शिरू नये म्हणून मी त्यावर एक वाटी उपडी घातली आहे.


जळगाव
३ जानेवारी २०२५

मास्तर, सलाम.

सोबत दांडा आणि पितळी बुश पाठवतो आहे. हा शेवटचा. मूळच्या दांड्याची लांबी आठ इंच भरली. साडेसहा केला. बुश तीनदा बसवून पाहिला. आत जाताना हाताला फक्त तेलाचा अडथळा लागतो, दुसऱ्या कशाचा नाही. ज्या पितळी गजातून काढला तो पंचवीस वर्षांपूर्वी डाळमिलच्या कामातून उरलेला. चांगल्या कामाला ठेवला होता.

आता एक गोष्ट लिहितो. पट्टीचा पहिला इंच तुटलाय हे तू ऑक्टोबरातच लिहिलं होतंस. मी ते वाचलं होतं. नऊ म्हणजे आठ, हे कळायला मला शाळेत जायची गरज नव्हती. तरी नऊ धरून कापला. काम एका फेरीत संपलं असतं तर झैदने टेम्पो बोलावला असता. दांडा डावीकडे वाकवतानाही मला माहीत होतं. तेव्हा डिसेंबरात तुझ्यावर जो राग काढला, त्यातला अर्धा माझा माझ्यावरच होता. बुशाची चूक मात्र तुझी एकट्याची. ती मला कळली असती तर मी कापला नसता.

मोतीलाल भंगारवाला येऊन मशीन बघून गेला. वजनावर घेईन म्हणतो. महिनाअखेर नेणार. मी झैदला हो म्हटलं, कारण आता हातात काम नाही. मेहरुन मशीनवरच्या मांजरासाठी खोकं शोधते आहे.

एक काम कर. दांडा बसल्यावर गिअर पडतो तेव्हा आवाज कसा येतो, तो मला लिहून पाठव. मी तिथे असतो तरी मला ऐकू आलं नसतं. तू कवितेचा माणूस आहेस, तुला जमेल. हे मी केलेलं शेवटचं काम आहे आणि ते कसं वाजतं हे मला माहीत नाही.

खाजा


पुणे
२१ जानेवारी २०२५

नाना,

तुम्ही मेसेज वाचत नाही म्हणून पोस्टाने.

रविवारी नऊ गाड्यांत पाचवी आले. मागच्या वेळी नववी होते. तिसऱ्यातून चौथा अकरा वेळा टाकला, अकराही वेळा चौथाच पडला. पहिल्या दोन वेळा मी श्वास धरला होता, नंतर विसरले. शेवटच्या वळणानंतर हाताला दांड्याची आठवणच राहिली नाही. यापेक्षा जास्त कौतुक मला करता येत नाही. खाजाकाकांना हे असंच सांगा.

गाडी विकत नाही. आता दर आठवड्याला सराव करायचा आहे, म्हणून एका मैत्रिणीच्या गोदामात जागा घेतली आणि गाडी परस्पर पुण्याला आणली. सोमवारी ऑफिस होतं, वाटेत थांबता आलं नाही. तुमची शेड आता रिकामी.

नाना, त्या पट्टीने मी मोजायला शिकले. पहिलीपासून एक वजा करते आहे. दिवाळीत शेडच्या खिडकीत ती पट्टी दिसली तेव्हाच मी जुना दांडा मोजून पाहिला होता. आठ. काही बोलले नाही, कारण पंधरा दिवसांनी परत यायला मलाही निमित्त झालं. दुसरा दांडा बसवल्या बसवल्या काढून ठेवला, रस्त्यावर नेलाच नाही. काकांनी त्याचा घोर लावून घेतला असेल तर तेही सांगा. आणि नदीच्या कवितेच्या वेळी मी झोपले नव्हते. पाचही कडवी ऐकली.

गाडी नसली तरी एसटी आहे. आठ फेब्रुवारीला येते. कारण काही नाही.

ज्योती


धुळे
२६ जानेवारी २०२५, सकाळ

प्रिय खाजा,

ज्योतीचं पत्र सोबत जोडतो, म्हणजे तिचे शब्द माझ्या हातून बदलायला नकोत. शेवटची ओळ मी बऱ्याचदा वाचली. चष्मा पुसायला लागला.

आता आवाजाबद्दल.

सतरा तारखेला ती निघाली तेव्हा मी शेडच्या दाराशी उभा होतो. कान देऊन ऐकलं. नंतर आत येऊन तुझ्यासाठी लिहायला बसलो. पहिल्या कागदावर चार ओळी लिहिल्या, भुजंगप्रयातात. वाचून पाहिल्या तर त्यात झरा होता, पाखरू होतं, दांडा नव्हता. फाडला. दुसऱ्यावर चिंधाची एसटी आली आणि जाईना. तोही फाडला. त्यानंतर आठ दिवस गेले. म्हणून हे पत्र उशिरा.

आवाज असा आहे: टक.

आधी काही नाही, नंतर काही नाही. खर्र तर नाहीच. गुरुजी फळ्यावर कवितेची शेवटची ओळ लिहून झाल्यावर खडूने पूर्णविराम द्यायचे, आठवतं? ओळ लिहिताना खडू करकरायचा, पण पूर्णविरामाला एकदाच लागायचा आणि वर्ग गप्प व्हायचा. तसा. गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा तिने पुढचा गिअर टाकला, तोही ऐकू आला. दोन्ही सारखेच. तुझ्या हातचं आहे हे मला न सांगताही कळलं असतं.

शेड रिकामी आहे. वाटी स्वयंपाकघरात परत गेली. फरशीवर तेलाचा एक डाग राहिलाय, तो मी पुसलेला नाही. तुझ्या मशीनचं काय झालं हे तू कळवलं नाहीस आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही. महिना संपत आला. मोतीलालने नेली असेल तर

थांब. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवतं आहे. कडीही वाजली.

बघून आलो. दारात झैद आहे. तुझा झैद. मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्याच्या बहिणीच्या, अफरीनच्या लग्नात. मागे टेम्पो उभा आहे, ताडपत्रीखाली काहीतरी मोठं आहे. मी म्हटलं, काय रे, सगळं ठीक आहे ना? तो म्हणाला, "चाचा, मशीन जाणार हे तुमच्याकडून ऐकून ज्योतीदीदींचा फोन आला होता. शेड रिकामी आहे म्हणाल्या. मोतीलालला मी नको म्हणून सांगितलं. अब्बा तीन दिवस धड जेवले नाहीत, अम्मी माझ्याशी बोलत नाही, मांजर पण बाहेर गेलं. मशीन इथे राहू दे. अब्बा आठवड्यातून दोन दिवस एसटीने येतील."

मग मला म्हणाला, शेडचं दार किती रुंद आहे? मशीन आडवी जाईल का उभी?

मी विचारलं, अब्बा कुठे आहेत? तर म्हणे, पुढच्या सीटवर बसलेत, मशीनचा काम धरणारा जबडा, तो चक, मांडीवर घेऊन. चक दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत. आणि दाराचं माप मास्तरने घेतलं तर मी उतरणार नाही असं सांगून ठेवलंय.

झैदला पाणी दिलं आहे, तो पितो आहे तेवढ्यात हे लिहून संपवतो. पट्टी सापडली. बाहेर येतो आहे. माप मीच घेणार, एक वजा करीन, आणि तू शेजारी उभा राहून बघायचं. पत्राला आज तिकीट लावत नाही. हातातच देतो.

हिलाल